उल्जीरोची बेकबान खानावळ: कोरियन शिकताय तर इथे जेवायला जाच

टोपिकची (कोरियन भाषेच्या परीक्षेची) दुसरी-तिसरी लेव्हल झालेली, ग्रामर तोंडपाठ, सिरीयल सबटायटलशिवाय अर्धी-मुर्धी कळते, पण सोलमधे पाय ठेवला की तोंडाला कुलूप, अशा सगळ्यांना मी एकच सांगते. कॅफेत जाऊन बसू नका. कॅफेत आता दारातच कियोस्क असतं, बोट लावायचं, कार्ड टाकायचं, नंबर आला की कप उचलायचा, एक शब्द बोलायला लागत नाही. त्यापेक्षा बेकबान खानावळीत जा. मी ज्या खानावळीबद्दल लिहितेय ती उल्जीरो साम-गा स्टेशनजवळ, छापखान्यांच्या गल्लीत आहे, पण खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू त्या एका दुकानाचा कमी आणि त्या प्रकारच्या जेवणघराचा जास्त आहे, कारण सोलमधल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बाजारात, गल्लीत अशी एक तरी खानावळ सापडतेच.

बेकबान म्हंजे भात, सोबत एखादं सूप किंवा जिगे (तेच ते उकळतं, तिखट, रस्सेदार), आणि भोवती बानचानच्या, म्हंजे तोंडीलावण्याच्या, चार-सहा छोट्या वाट्या. बानचान रोज बदलतं. आज मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, उद्या बटाटा सोया सॉसमधे शिजवलेला, परवा घडी घातलेलं अंडं. तुम्ही निवडायचं नाही, त्या दिवशी जे झालंय ते येतं. भिंतीवर हाताने लिहिलेला मेन्यू आहे, फोटो नाहीत, इंग्रजी नाही. किमची जिगे ९,००० वॉन, द्वेनजांग जिगे म्हंजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टची ९,००० वॉन, जेयुक बोक्कुम म्हंजे तिखट परतलेलं पोर्क १०,००० वॉन, जादा भाताची वाटी १,००० वॉन. लिहिलेल्या भावातच १० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि टिप द्यायची पद्धत नाही, त्यामुळे जे दिसतं तेवढंच द्यायचं. सोलच्या मानाने भाव ठीकच म्हणायचा, आजकाल दुपारच्या जेवणाला दहा हजारच्या आत काही मिळणं अवघड झालंय.

दार सरकवून आत गेलं की पहिला प्रश्न येतो, "म्योत पुनिसेयो?" किती जण. इथेच पहिली परीक्षा. गिऱ्हाइकांना मोजताना मालकीणबाई पुन म्हणतात, तो मानाचा शब्द आहे, पण स्वतःला मोजताना तुम्ही म्योंग म्हणायचं, "हान म्योंगियो". स्वतःसाठी पुन वापरला तर विचित्र वाटतं. पुस्तकात हे दोन शब्द एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापलेले असतात आणि दोन्हीचा अर्थ माणसं मोजायला असा दिलेला असतो, मग पोरं बुचकळ्यात पडतात. इथे एक आठवडा जेवा, तक्त्याची गरज राहणार नाही. तसंच आकड्यांचं, कोरियनमधे आकड्यांचे दोन वेगळे संच आहेत. माणसं आणि वाट्या मोजायला हाना-दुल-सेत वाले आकडे, पैशाला इल-इ-साम वाले, पोर्शनला परत इल-इ-साम वाले (इ-इनबुन म्हंजे दोघांपुरतं), आणि घड्याळात तास एका पद्धतीने तर मिनिटं दुसऱ्या पद्धतीने. क्लासमधे यावर दोन-दोन तास घालवतात. इथे शेजारच्या टेबलवर कोणीतरी दोन किमची जिगे मागवतं, भाताची एक वाटी वाढवतं, किती झाले विचारतं आणि सगळे आकडे आपोआप कानावर पडून जातात.

एकटं जेवायला जायचं म्हटलं की आपल्याकडच्या मुली विचारतात, चालतं का. चालतं. २०२३ साली कोरियातल्या एकूण घरांपैकी ३५.५ टक्के घरं एका माणसाची होती, एकट्याने जेवण्याला होनबाप म्हणतात आणि त्यात आता कोणाला काही वाटत नाही. पण काही पदार्थ, विशेषतः टेबलावर शेगडी ठेवून शिजवायचे, ते दोघांपासूनच पुढे देतात. मेन्यूत पदार्थापुढे इ-इनबुन असं काही लिहिलेलं असलं की समजून जायचं, हट्ट करायचा नाही. आणि बारा ते एक या वेळात एकटीने चौघांचं टेबल अडवून बसायचं नाही, हे कोणी बोलून दाखवणार नाही पण त्यांची ओढाताण दिसते.

बसल्यावर कोणी येईल, पाणी आणून ठेवेल, चमचे लावेल अशी वाट बघत बसू नका. टेबलाच्या कडेला खाली एक ड्रॉवर असतो, त्यात लांब दांड्याचे चमचे आणि स्टीलच्या चपट्या काड्या. भिंतीवर "मुरुन सेल्फु" असं लिहिलेलं असतं, म्हंजे पाणी तुमचं तुम्ही घ्या. कोपऱ्यात एक कपाट, आत निळा-जांभळा लाइट, त्यात स्टीलचे पेले ओळीने पालथे. ते अल्ट्राव्हायोलेट निर्जंतुक करायचं कपाट आहे, पेला त्यातूनच काढायचा, बाटली शेजारच्या फ्रिजमधून. इथे पाण्याऐवजी बऱ्याचदा भाजक्या सातूचा थंड चहा असतो, पिवळसर दिसला म्हणून घाबरू नका.

आता ज्यासाठी मी एवढं पाल्हाळ लावलंय ते. कोरियन शिकणाऱ्याने पावणेबाराला जाऊन कोपऱ्यातलं टेबल पकडावं आणि बारा वाजता ऑफिसची माणसं आत येताना फक्त बघावं. चौघं येतात. सगळ्यात लहान कोण ते तुम्हाला वीस सेकंदात कळतं, कारण बसल्या बसल्या ड्रॉवर तोच उघडतो. आधी प्रत्येकासमोर एकेक पेपर नॅपकिन, त्यावर चमचा, शेजारी काड्या, मग पेले, मग पाणी, आणि पाणी ओतताना दुसरा हात बाटलीखाली नाहीतर स्वतःच्या मनगटाला. कोणी सांगत नाही. वयाने किंवा हुद्द्याने जो मोठा त्याच्यापुढे आधी. त्याने किमची जिगे म्हटलं की बाकीचे तिघं "चोदो कातुन गोल्लो" म्हणतात, मला पण तेच. (सगळ्यांनी एकच मागवलं की जेवण लवकर येतं, हे कारणही आहेच, तासाभराची तर सुट्टी.) जेवण आल्यावर त्या मोठ्या माणसाने चमचा उचलला की मग बाकीचे सुरू करतात. आणि बोलताना तो या तिघांशी वेगवेगळं बोलतो, एकाशी क्रियापदाच्या शेवटी यो हे आदराचं शेपूट लावून, लहानाशी यो गाळून, आणि तो लहान मात्र सगळ्यांशी शेपूट लावूनच बोलतो. आदरार्थी रूपांचे धडे मी क्लासमधे भरपूर केले होते, नियम येत होते. पण ही रूपं कोणत्या क्षणी बदलतात, पाणी ओतणारा हात आणि वाक्याचा शेवट हे एकाच गोष्टीचे दोन भाग कसे आहेत, हे त्या टेबलाशेजारी बसूनच डोक्यात गेलं. भाषा शिकायची तर माणसं एकमेकांना कुठे बसवतात ते आधी बघायला लागतं, हे माझं ठाम मत झालंय.

पैसे कोण देतो तेही बघा. पूर्वी सरळ मोठा माणूस द्यायचा. आता तरुण लोकांत सरसकट वाटणी होते, एक जण कार्ड घासतो आणि बाकीचे तिथेच उभे राहून मोबाइलवरून त्याला आपापला हिस्सा पाठवतात. सरकारी नोकर, शिक्षक, पत्रकार यांना तर दुसऱ्याच्या पैशाने जेवायला कायद्याने मर्यादा आहे, २०१६च्या कायद्यात ती ३०,००० वॉन होती, २०२४मधे ५०,००० केली. नऊ हजारच्या जिगेला त्याची काळजी नाही म्हणा, पण जेवण घालणं ही तिकडे किती मोठी गोष्ट आहे ते यावरून समजतं.

हाक कशी मारायची हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. काही टेबलांवर बेल असते, ती दाबली की झालं, पण इथे बेल नाही. "योगियो" किंवा "चोगियो" हे कुठेही चालतं, कोणी रागवत नाही. जुनी गिऱ्हाइकं बाईंना इमो म्हणतात, म्हंजे मावशी. पण पहिल्याच दिवशी इमो म्हणू नका, जरा जास्तच सलगी केल्यासारखं वाटतं, आणि मालकीणबाईंना सगळ्यात सुरक्षित हाक साजांगनिम. अजुम्मा, म्हंजे काकू, तर अजिबातच नको, सिरीयलमधे ऐकून लोक बिनधास्त वापरतात, समोरच्या बाईला ते टोचतं.

या मालकीणबाई जोल्ला, म्हंजे कोरियाच्या नैऋत्य भागातल्या. साठीच्या पुढच्या असाव्यात, कपाळाला घाम, हाताला गुलाबी रबरी मोजे, एका वेळी तीन टेबलांचं ध्यानात. सुरवातीला माझ्याशी त्या अगदी पुस्तकातलं बोलायच्या, "म्वो दुरिल्कायो?" काय देऊ आपल्याला. काही दिवसांनी ते "म्वो जुल्का?" झालं. काय देऊ गं. हा बदल झाला त्या दिवशी मला फार बरं वाटलं, कारण त्याचा अर्थ आता तू इथली. पण नवीन शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्यांनी यो गाळला म्हणून तुम्ही गाळायचा नाही. त्या तुम्हाला मुलीसारखं बोलतील, तुम्ही मात्र शेवटपर्यंत यो आणि सुमनिदा लावूनच बोलायचं. जेवण ठेवताना बाकीच्या हॉटेलात "माशित्के दुसेयो" ऐकू येतं, या बाई "मानी जापस्वो" म्हणतात, भरपूर जेवा, जुन्या वळणाचं आदराचं क्रियापद. असलं कोरियन कुठल्या ॲपमधे ऐकायला मिळणार सांगा.

आणि घाईच्या वेळी तर वाक्यच नसतात. "बाप?" म्हंजे भात वाढवू का. "दो?" म्हंजे अजून हवंय का. मान हलवली तरी चालतं पण मी "ने, जोगुम्मान दो जुसेयो" असं पूर्ण म्हणते, थोडंसंच अजून द्या. यातला जोगुम्मान महत्त्वाचा. बानचान परत मागितलं तर त्याचे पैसे नाहीत, पण उरलेलं बानचान दुसऱ्या टेबलाला देणं २००९पासून कायद्याने बंद आहे, म्हंजे वाटीत टाकलेलं सगळं ओल्या कचऱ्यातच जाणार. ओला कचरा जमिनीत पुरायलाही २००५पासून बंदी, तो वेगळा गोळा होतो, त्याचा बराचसा भाग जनावरांचं खाद्य आणि खत करायला जातो. काउंटरवर हिरवट, काचेसारखे दिसणारे टूथपिक असतात ते बघितलेत का, ते लाकडाचे नाहीत, स्टार्चचे आहेत, पाण्यात विरघळतात, कारण लाकडी काडी खाद्यात गेली तर जनावराच्या पोटाला टोचेल. थोडं मागा, संपवा, परत मागा. असं करणाऱ्या गिऱ्हाइकावर बाई खूश असतात.

भाताच्या वाटीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. स्टीलची, झाकणवाली, गरम, कोरियातल्या कुठल्याही साध्या खानावळीत जा, तीच वाटी, तोच आकार. हा योगायोग नाही. तांदळाचा तुटवडा होता तेव्हा, १९७०च्या आसपास, बुधवारी आणि शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हॉटेलात भाताचे पदार्थ विकायलाच बंदी असायची. मग १९७६मधे सोल शहराने वाटीचंच माप ठरवून दिलं, व्यास १०.५ सेंटीमीटर, उंची ६ सेंटीमीटर, आणि भरायची ती पण काठापर्यंत नाही. पुढे ते देशभर पसरलं. आधीच्या पितळी, मातीच्या मोठ्या वाडग्यांपुढे ही वाटी म्हंजे निम्मीच. पुढे तांदूळ मुबलक झाला, १९७० साली एक माणूस वर्षाला १३६ किलोच्या वर तांदूळ खायचा, २०२३मधे ५६.४ किलोवर आलं, आता लोकांनी भात खावा म्हणून सरकार प्रयत्न करतंय, पण वाटी तीच राहिली. गोंगीबाप म्हणून वेगळी वाटी मागवायची सवय त्यातूनच आली. वाटी उचलून तोंडाशी न्यायची नाही, टेबलावरच ठेवायची, भात चमच्याने, बानचान काड्यांनी. चमचा किंवा काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, पितरांच्या पूजेत भातात चमचा तसा खोचतात. चमचा आणि काड्या एकाच वेळी एका हातात धरायच्या नाहीत.

वाचनाची प्रॅक्टिस पाहिजे तर भिंतीवरचा वोनसानजीचा तक्ता वाचा, कोणता माल कुठून आला ते. हॉटेलवाल्यांना हे लावणं सक्तीचं आहे. तांदूळ, गुंगनेसान, म्हंजे देशी. किमचीतली कोबी गुंगनेसान, मिरचीपूड जुंगुकसान, म्हंजे चिनी. टोफूचं सोयाबीन कुठलं, पोर्क कुठलं, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. तेच तेच दहा-बारा शब्द, ठळक अक्षरं, आणि उच्चारबदलाचा नियम तिथल्या तिथे शिकायला मिळतो, कारण लिहिलेलं असतं गुक-ने-सान आणि म्हणायचं गुंगनेसान. जेवण येईपर्यंत वेळ जातो. किमचीची कोबी आणि मिरची दोन्ही देशी असेल तर दुकानदार ते फार अभिमानाने मोठ्या अक्षरात लिहितो, आणि कोरियन गिऱ्हाइकं ते खरंच बघतात.

चवीबद्दल. किमची जिगे अव्वल. जुनी, आंबट झालेली किमची, पोर्कचे जाड तुकडे, वरून टोफू, मातीच्या काळ्या भांड्यात टेबलावर येते तेव्हाही उकळत असते, पहिली पाच मिनिटं तोंडाला लावूच नका. द्वेनजांग जिगे त्याहून साधी, दुधी भोपळ्यासारखी कोवळी झुकिनी आणि बटाटा, मला पावसाळ्यात तीच लागते. जेयुक बोक्कुम गोडसर आहे, माझ्या जिभेला जास्तच गोड. मीठ मात्र सगळ्यातच चढं. रस्सा संपवायचा हट्ट करू नका, भातात थोडा थोडा घेऊन खा.

शाकाहारी लोकांसाठी वाईट बातमी आहे आणि ती स्पष्ट सांगायलाच हवी. मांस नको म्हणून "गोगी प्पेजुसेयो" म्हटलं की बाई पोर्क काढतील, पण रश्शाचं पाणीच सुकवलेल्या छोट्या माशांचं असतं, किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, आणि तिकडच्या माणसाच्या डोक्यात गोगी म्हंजे जनावराचं मांस, मासळी त्यात येतच नाही. त्यामुळे त्या काही फसवत नाहीत, त्यांना खरंच वाटतं आपण मांस काढून दिलं. भात, मोडाची कोशिंबीर, पालक, भाजलेलं समुद्री शेवाळ यावर पोट भरता येतं पण पालकात मासळीचा रस नाही ना हे विचारायला लागतं. ज्यांना कडक पाळायचं असेल त्यांनी बौद्ध मठाच्या पद्धतीचं जेवण देणारी हॉटेलं शोधावीत, महाग असतात पण काळजी नाही.

खानावळीची अर्धी कमाई आत बसणाऱ्यांकडून नाहीच. आजूबाजूच्या छापखान्यांची खाती आहेत, एका जाड वहीत, जांगबू म्हणतात तिला. कामगार येतो, जेवतो, वहीत आपल्या छापखान्याच्या पानावर एक खूण करतो आणि जातो, महिन्याच्या शेवटी मालक हिशोब चुकता करतो. ज्यांना मशीन सोडून येता येत नाही त्यांच्याकडे जेवण जातं. अल्युमिनियमच्या मोठ्या ताटात सहा-सात जणांचं जेवण, वर दुसरं ताट, त्यावर वर्तमानपत्र, डोक्यावर कापडाची चुंबळ, आणि एक बाई हात न लावता, कागदाचे गठ्ठे वाहणाऱ्या तीनचाकी गाड्यांच्या मधून सरळ चालत जाते. सोलमधे इतक्या उंच इमारतींच्या मधोमध हे अजून चालू आहे, आणि डिलिव्हरीचं ॲप या गल्लीत कोणी उघडत नाही.

किती दिवस चालेल माहीत नाही. या भागाचं पुनर्विकासाचं काम सुरू आहे, पलीकडच्या गल्ल्यांत पत्रे लागलेत. मनुष्यबळही परवडत नाही, २०२५मधे किमान वेतन तासाला १०,०३० वॉन झालं, पहिल्यांदाच दहा हजारच्या वर, म्हणून बरीच छोटी दुकानं टेबलावर टॅब्लेट लावतायत किंवा दारात कियोस्क ठेवतायत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, नऊ हजारच्या ताटात किती सुटत असणार. पण कोरियातलं बहुतेक छोटं हॉटेल हे घरातल्याच दोघा-तिघांनी ओढलेलं असतं, १९९७च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या कितीतरी लोकांनी असंच काहीतरी दुकान टाकलं, आणि त्यांचं बोलणं, त्यांची हाक, त्यांचं "दो?" हे टॅब्लेटवर येत नाही. ज्यांना भाषा शिकायचीय त्यांनी हे आत्ताच जाऊन ऐकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पैसे बाहेर पडताना काउंटरला द्यायचे, टेबलावर बिल येत नाही. "केसान हालगेयो" म्हणायचं. कार्ड चालतं, कार्ड नाकारणं तिकडे बेकायदा आहे, कितीही छोटी रक्कम असली तरी. पावती हवी का विचारतील, "योंगसुजुंग" हा शब्द ऐकू आला की समजायचं, नको असेल तर "ग्वेन्चानायो". टॉयलेट बाहेर, जिन्यातल्या मधल्या मजल्यावर, दाराला नंबराचं कुलूप, नंबर बाईंना विचारायचा. टॉयलेट काही खास नाही, स्वच्छतेला मी पाचपैकी दोन देईन. दाराशी छोटं कॉफी मशीन आहे, फुकट, कागदी कपात दूध-साखर-कॉफी एकत्र केलेली गोड मिक्स कॉफी, १९७६मधे कोरियन कंपनीने पहिल्यांदा पाकिटात आणली तीच चव. छापखान्यातले काका लोक तो कप घेऊन दारात उभे राहून दोन मिनिटं गप्पा मारतात, ऐकायला मजा येते आणि ते लोक विचारतातही, कुठून आलीस, कोरियन कुठे शिकलीस, वय किती. वय विचारलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याशी कोणत्या रूपात बोलायचं ते त्यांना ठरवायचं असतं. २०२३च्या जूनपासून सरकारी कामात बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय पद्धतीचंच, म्हंजे वाढदिवसाला वाढणारं, वय धरतात, पण जुनी माणसं अजून जन्मसालच विचारतात, तेव्हा सरळ साल सांगायचं.

निघताना "जाल मोगोस्सुमनिदा", छान जेवले. हे प्रत्येक कोरियन माणूस म्हणतो, अगदी फोनवर बोलता बोलता बाहेर पडणारासुद्धा. जे जरा जुने आहेत ते वर "मानी पासेयो" जोडतात, भरपूर विक्री होवो. मी पण जोडते, बाई आतूनच ओरडून उत्तर देतात. निरोपाचं मात्र नीट बघा, निघणारा "आन्न्योंगी ग्येसेयो" म्हणतो आणि थांबणारा "आन्न्योंगी गासेयो", ही अदलाबदल दारातच रोज ऐकायला मिळते.

माझे मार्क. किमची जिगेला पाचपैकी साडेचार, जेयुकला तीन, बानचानला चार, शाकाहाराला एक, आणि कोरियन शिकायला पाच. अगदी नवख्या, अक्षरओळखही न झालेल्या माणसाने एकटं जाऊ नये, भिंतीवरचं वाचता आलं नाही तर काहीच पदरात पडत नाही. आधी हांगुल (कोरियन लिपी) वाचायला शिका, मग जा.

मेट्रोची लाइन दोन आणि लाइन तीन दोन्ही उल्जीरो साम-गाला थांबतात. नुसतं बघायचं असेल तर पावणेबारा, बाईंशी बोलायचं असेल तर दीडनंतर, तेव्हा त्या स्वतः जेवायला बसतात आणि बोलायच्या मूडमधे असतात. तीन ते पाच ब्रेकटाइम, दाराला पाटी असते, तेव्हा दार ढकलू नका. शनिवारी दुपारपर्यंतच, रविवारी बंद, कारण रविवारी छापखाने बंद.